मुक्त युनिक्स-प्रणालींची निवड : काही निकषांची चिकित्सा

१

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या कार्यप्रणालीला नियमित दुरुस्त्या पुरविण्याचे थांबविले. मर्यादित मुदतवाढीची सोय बाजूला ठेवली, तर त्या दिवसापासून कितीतरी चांगले चालते संगणक निराधार झाले, असे म्हणावयास हरकत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाविषयक सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. दहाएक वर्षांपूर्वी घेतलेल्या पुष्कळ यंत्रांत ह्या गोष्टी नाहीत. यंत्र धडधाकट, पण त्यावरील प्रणालीचा वाली गेलेला, अशा अवस्थेत सापडलेला पदव्युत्तर विद्यार्थी साहजिकच मुक्त युनिक्स-सदृश प्रणालींकडे वळतो. आणि वळताक्षणीच एका नव्या संभ्रमात पडतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च इत्यादी लिनक्सची वितरणे एका बाजूस, आणि फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी ह्या बर्कलीच्या परंपरेतील प्रणाली दुसऱ्या बाजूस. ह्यांतून निवड कशाच्या आधारे करावयाची?

ह्या प्रश्नाची सामान्यतः तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले लोकप्रियतेचे : जी पुष्कळजण वापरतात ती घ्यावी. दुसरे रूपाचे : जिचा पडदा डोळ्यांना बरा दिसतो ती घ्यावी. तिसरे वेगाचे : जी लवकर सुरू होते ती घ्यावी. ही तिन्ही उत्तरे सर्वस्वी खोटी नाहीत. पण ती निकष म्हणून अपुरी आहेत. पडद्यावर दिसणारे ग्नोम, केडीई किंवा एक्सएफसीई हे मेजपृष्ठ आणि फायरफॉक्स, लिबरऑफिस, लाटेक ही रोजच्या कामाची साधने वर उल्लेखिलेल्या बहुतेक सर्व प्रणालींवर मिळतात. तेव्हा रूप हा प्रणालीचा गुण नसून तिच्यावर चढविलेल्या वस्त्राचा गुण आहे. वेगातील फरक वाचन-लेखनाच्या कामात फारसा जाणवत नाही. आणि लोकप्रियतेच्या मुळाशी काही कारण असलेच पाहिजे. मग त्या कारणाचाच शोध का घेऊ नये?

प्रश्न क्षुल्लक नाही, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखक स्वतःचाच एक अनुभव नमूद करतो. पंचवीस वर्षांपूर्वी बोलीभाषेच्या अभ्यासासाठी जमविलेल्या शब्दांची सुमारे नऊशे पृष्ठांची टिपणे त्याने एका खासगी संस्थेच्या लिपी-प्रणालीत टंकलिखित केली होती. तिचा अक्षरसंकेत त्या संस्थेचा खासगी होता, आणि ती चालण्यास संगणकाच्या पाठीमागे एक कुलूपवजा खुंटी लावावी लागे. पुढे ती खुंटी बसविण्याची जागाच नव्या यंत्रांतून नाहीशी झाली, लिपी-प्रणाली बंद पडली, आणि नऊशे पृष्ठांच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन ढीग उरला. छापून ठेवलेल्या प्रतीवरून ती टिपणे पुन्हा उतरविण्यात दोन वर्षे गेली. ज्या सव्वाशे पृष्ठांची छापील प्रत नव्हती ती गेली ती गेलीच. ज्यांनी ते शब्द सांगितले होते त्यांपैकी आज कोणी हयात नाही. तात्पर्य, कार्यप्रणाली निवडणे म्हणजे आपले लेखन कोणाच्या हवाली करावयाचे हे ठरविणे होय. निकष शोधावयाचे ते ह्या दृष्टीने.

२

प्रथम संज्ञांचा खुलासा केला पाहिजे. इंग्रजीत ज्या एका शब्दाने ‘बंधनरहित’ आणि ‘विनामूल्य’ हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात, त्याने तिकडे बराच गोंधळ माजविला आहे. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे निराळे शब्द असल्याने तो गोंधळ आपण टाळू शकतो. प्रस्तुत विवेचनात ‘मुक्त’ म्हणजे जिची मूळ संहिता वाचता, बदलता व इतरांस देता येते अशी प्रणाली. ती बहुधा फुकट मिळते हा आनुषंगिक लाभ होय. तिचे लक्षण नव्हे.

युनिक्सचा जन्म १९६९ मधला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ती घडविली, आणि १९७३ मध्ये तिचा गाभा सी ह्या भाषेत पुन्हा लिहिला गेल्यामुळे ती एका विशिष्ट यंत्राशी जखडलेली राहिली नाही. बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने बांधलेली असल्याने तिला संगणकाच्या व्यापारात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, संहितेसकट, मिळू लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तिच्यावर जे संस्करण झाले ते बीएसडी ह्या नावाने प्रसिद्ध झाले. १९८३ च्या ४.२ ह्या आवृत्तीने तिच्यात आजच्या इंटरनेटचे संदेशवहनाचे नियम आणले.

दुसरा प्रवाह निराळ्या उगमाचा आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू ह्या प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, परंतु संपूर्णपणे नव्याने लिहिलेली मुक्त प्रणाली निर्माण करणे हा त्याचा उद्देश होता. त्याची पुष्कळ अंगे तयार झाली. गाभा, म्हणजे कर्नल, मात्र रेंगाळला. ती जागा १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या लिनक्स कर्नलने भरून काढली.

ह्याच सुमारास बर्कलीची परंपराही सामान्य वैयक्तिक संगणकावर उतरत होती. पण १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने तिच्याविरुद्ध फिर्याद गुदरली. १९९४ च्या प्रारंभी तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फायलींपैकी अवघ्या तीन काढाव्या लागल्या व सत्तरएक फायलींवर मालकीची सूचना घालावी लागली. वादाचे अंतिम फलित एवढे अल्प. पण मधल्या दोन वर्षांत लोक संशयित प्रणालीपासून दूर राहिले आणि लिनक्स फोफावली. १९९१ मध्ये बर्कलीची ३८६ वरील प्रणाली हाताशी असती तर आपण बहुधा लिनक्स लिहिलीच नसती, अशा आशयाचे उद्गार टोर्व्हाल्ड्स यांनीच पुढे काढले आहेत. लोकप्रियता हा निकष मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा. लिनक्सच्या प्रसारात गुणांचा वाटा आहे, तसा एका खटल्याच्या कालनिर्णयाचाही आहे.

३

आता मुख्य निकषाकडे वळू. बीएसडीचे पक्षपाती सांगतात की, त्यांची प्रणाली हा एकसंध ग्रंथ आहे, तर लिनक्स हे ठिकठिकाणची पाने जमवून केलेले बाड आहे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी किंवा नेटबीएसडी ह्यांत कर्नल, मूलभूत लायब्ररी, आज्ञावली आणि त्यांची माहितीपत्रके ही सर्व एकाच संहितावृक्षात, एकाच मंडळाच्या देखरेखीखाली असतात. लिनक्स हे नाव मात्र काटेकोरपणे केवळ कर्नलचे आहे. बाकीची अंगे शेकडो स्वतंत्र लेखकांकडून येतात आणि त्यांची सांगड घालून वापरण्याजोगी प्रणाली तयार करण्याचे काम डेबियन, फेडोरा इत्यादी वितरणे करतात.

मराठीच्या अभ्यासकाला हा भेद समजण्यास अडचण पडू नये. बीएसडी ही कर्त्याची स्वहस्तलिखित प्रत होय. लिनक्सचे वितरण ही संपादकाने सिद्ध केलेली प्रत होय. संपादकाचे काम किती थोर असू शकते हे शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या एकनाथांच्या उदाहरणाने आपणांस ठाऊक आहे. आणि संहितेत आपल्या पदरची भर घालणाऱ्यांविषयी त्यांनी जो इशारा देऊन ठेवला, तो ह्या क्षेत्रालाही लागू पडतो.

त्याचा पुरावा डेबियनच्याच इतिहासात आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल ह्या सांकेतिक-लेखनाच्या साधनातील काही ओळी डेबियनच्या संपादनात गाळण्यात आल्या. तपासणीच्या एका उपकरणाला त्या सदोष वाटत होत्या एवढेच निमित्त. परंतु किल्ल्या तयार करण्यासाठी लागणारी यादृच्छिकता नेमकी त्या ओळींतून येत होती. परिणामी दिलेल्या प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांची संख्या ३२,७६८ च्या आसपास येऊन ठेपली, आणि मे २००८ मध्ये हा दोष उघडकीस येईपर्यंत डेबियन व उबुंटूवर निघालेल्या असंख्य किल्ल्या ओळखता येण्याजोग्या राहिल्या. संपादकाने कर्त्याचा आशय न जाणता पाठ बदलला, म्हणजे काय होते ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण मार्च २०२४ चे. एक्सझेड ह्या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणी हेतुपुरस्सर चोरदरवाजा घातला होता. त्याचा रोख दूरस्थ प्रवेशाच्या ओपनएसएसएच ह्या साधनावर होता. ओपनएसएसएच हे ओपनबीएसडीच्या मंडळाने १९९९ मध्ये निर्माण केलेले साधन. त्याच्या मूळ संहितेचा एक्सझेडशी काहीही संबंध नाही. तो संबंध जुळला तो काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडी ह्या व्यवस्थापकाशी त्याची गाठ घालताना लावलेल्या ठिगळामुळे. अँड्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास प्रवेशाला अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब लागतो असे दिसले, आणि त्या धाग्यावरून त्याने २९ मार्च रोजी हे कारस्थान उघडे केले. कर्त्याच्या प्रतीत नसलेली वाट संपादकाच्या टाक्यातून उघडली, हा येथेही निष्कर्ष निघतो.

उलटपक्षी, एकहाती देखरेखीचा लाभ २०३८ च्या प्रश्नात दिसतो. जुन्या युनिक्समध्ये काळ मोजण्यासाठी ३२ बिटांचा अंक योजलेला असून तो १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. ओपनबीएसडीने २०१४ च्या ५.५ ह्या आवृत्तीत कर्नल, लायब्ररी आणि आज्ञावली ह्यांत एकदमच बदल करून हा प्रश्न सर्व यंत्रांपुरता निकालात काढला. लिनक्सच्या जगात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी कर्नलची तयारी २०२० मध्ये पूर्ण झाली, आणि डेबियनने ती आपल्या संग्रहात आणली ती २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत; तीही जुन्या इंटेल ३२-बिट प्रकाराचा अपवाद ठेवून.

येथवर बीएसडीच्या पक्षपात्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्यापेक्षाही अधिक जोराने मांडले आहे. आता त्याची मर्यादा पाहू. त्यांच्या युक्तिवादात ‘एकसंध’ हे विशेषण ज्याला लावले जाते ती मूळ प्रणाली म्हणजे वैयक्तिक संगणकावरील संपूर्ण प्रणाली नव्हे. सर्व्हरवर, जेथे दूरस्थ प्रवेश, संदेशवहन आणि फायलींची राखण एवढेच काम असते, तेथे मूळ प्रणालीने बराच भाग व्यापलेला असतो आणि युक्तिवाद जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर मात्र वापरातील बहुतेक गोष्टी मूळ प्रणालीच्या बाहेरच्या असतात. ब्राउझर, लेखनाचे साधन, मेजपृष्ठ, टंक, संदर्भसूचीचे साधन हे सर्व बीएसडीवरही बाहेरूनच, ‘पोर्ट्स’ म्हणून येते. एवढेच नव्हे, तर त्यांतील पुष्कळसे प्रथम लिनक्स डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते आणि पोर्टच्या रखवालदारांना ते ठिगळे लावूनच बसवावे लागते. पडद्याच्या चित्रयंत्रणेचे ड्रायव्हर तर फ्रीबीएसडी व ओपनबीएसडी दोघांनीही लिनक्समधूनच रूपांतरित करून घेतले आहेत.

म्हणजे ज्या निकषाने सर्व्हरवर बीएसडी श्रेष्ठ ठरते, त्याच निकषाने वैयक्तिक संगणकावर निर्णय उलटू शकतो. प्रश्न ‘कर्ता की संपादक’ असा नसून ‘मी प्रत्यक्ष जे वापरतो त्यातील जास्तीत जास्त भागाची जबाबदारी कोण घेतो’ असा आहे. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९,००० हून अधिक पॅकेजे आहेत; ती एकमेकांशी जुळवून गोठविलेली आहेत आणि आवृत्तीच्या आयुष्यभर तिच्या मुख्य संग्रहातील दोषांवर दुरुस्त्या देण्याची सर्वसाधारण जबाबदारी एकाच मंडळाने स्वीकारलेली आहे. कर्त्याची प्रत पहिल्या अध्यायापुरतीच मिळणार असेल, तर उरलेल्या सतरा अध्यायांसाठी संपादक लागतोच. तो चांगला असणे एवढेच आपण पाहावयाचे. एक्सझेडचे उदाहरणही ह्या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे : दूषित आवृत्ती डेबियनच्या चाचणी-शाखांपर्यंत पोहोचली होती, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. स्थिर आवृत्तीच्या ज्या संथपणाची थट्टा होते, त्यानेच त्या वेळी ढालीचे काम केले.

४

दुसरा निकष परवान्याचा. बीएसडी परवाना घेणाऱ्यावर जवळजवळ कोणतेही ओझे टाकीत नाही. श्रेयाची नोंद ठेवून संहिता बंदिस्त वस्तूतही वापरता येते. ॲपलच्या मॅकओएसमध्ये फ्रीबीएसडीची संहिता आहे, आणि ॲपलवर आपली सर्व भर परत करण्याचे बंधन नाही. ग्नूचा जीपीएल परवाना उलट अशी अट घालतो की, ज्याला कार्यक्रम द्याल त्याला त्याची संहिताही त्याच शर्तींवर द्यावी लागेल.

ह्या भेदावर तात्त्विक वाद पुष्कळ झाला आहे. परंतु जो केवळ वापरणार आहे त्याला दोन्ही परवाने सारखेच मोकळे आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या दृष्टीने परवान्याचे महत्त्व अप्रत्यक्ष आहे. जीपीएलच्या अटीमुळे यंत्रनिर्मात्या कंपन्यांची लिनक्स कर्नलमधील पुष्कळशी भर एकाच ठिकाणी साचत गेली. बीएसडीच्या उदारपणामुळे तिची संहिता सर्वत्र पोहोचली, पण परत येणारा ओघ देणाऱ्याच्या मर्जीवर राहिला. एक दान आहे, दुसरी सहकारी पतपेढी आहे. दान श्रेष्ठ की पतपेढी, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. कोणाच्या तिजोरीत अधिक ड्रायव्हर आहेत, ह्याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे.

५

त्या ड्रायव्हरांचाच तिसरा निकष. वैयक्तिक संगणकावर, विशेषतः लॅपटॉपवर, प्रणालीची खरी परीक्षा बिनतारी जोडणी, झाकण मिटल्यावर झोपणे व उघडल्यावर जागे होणे, चित्रपट्टिका आणि ध्वनी येथे होते. फ्रीबीएसडीत इंटेलच्या प्रचलित वाय-फाय पट्टिकांवर जुन्या, संथ मानकापलीकडे जाता येत नाही ही तक्रार कित्येक वर्षे होती. जून २०२५ मधील १४.३ ह्या आवृत्तीने ती बरीच दूर केली आणि फ्रीबीएसडीच्या प्रतिष्ठानाने लॅपटॉपसाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला आहे. एनव्हिडिया आपला ड्रायव्हर लिनक्स व फ्रीबीएसडीसाठी देते. ओपनबीएसडी व नेटबीएसडीसाठी देत नाही. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ब्लूटूथचा भाग समाधानकारक नाही म्हणून काढूनच टाकला. अर्धवट वस्तू ठेवण्यापेक्षा न ठेवणे बरे, ही त्यामागील वृत्ती शास्त्रीय दृष्टीने प्रशंसनीय आहे. पण ज्याचे श्रवणयंत्र ब्लूटूथने जोडले जाते अशा अध्यापकाला तिचा उपयोग नाही.

डेबियननेही ह्या बाबतीत आपले सोवळे सैल केले. यंत्राच्या पट्टिकांत भरावे लागणारे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत स्थापनाप्रतीत ठेवावयाचे नाही, असा तिचा जुना नियम होता. त्यामुळे नवख्याची वाय-फाय पट्टिका बहुधा मुकीच राही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सभासदांच्या मतदानाने हा नियम बदलला आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर प्रतीत येऊ लागले. तत्त्वाला मुरड पडली खरी. परंतु ती उघडपणे, मतदान घेऊन, आणि वापरणाऱ्याला नकार देण्याची सोय ठेवून पाडली गेली, हे लक्षात घेतले पाहिजे.

६

चौथा निकष काळाचा. प्रबंधाचे काम चार-पाच वर्षे चालते. तेवढ्या काळात प्रणाली किती वेळा पायाखालून सरकेल? ओपनबीएसडी दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते व शेवटच्या दोनच आवृत्त्यांना दुरुस्त्या देते. म्हणजे वर्षातून एकदा तरी स्थलांतर अटळ. फेडोराच्या आवृत्तीचे आयुष्य सुमारे तेरा महिन्यांचे. आर्चमध्ये आवृत्तीच नाही. ती सतत वाहती आहे. फ्रीबीएसडीची नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली चौदावी शाखा २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत चालावयाची आहे. उबुंटूची दीर्घमुदती आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व पाच वर्षे सांभाळली जाते. डेबियनच्या आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण व पुढे दोन वर्षे मर्यादित असा सांभाळ मिळतो.

परंतु केवळ मुदतीचा आकडा पाहून भागत नाही. ते वचन कोणी दिले हेही पाहावे लागते. सेंटओएस लिनक्सची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असे गृहीत धरून अनेकांनी ती स्वीकारली होती. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल. प्रकल्पाचा खर्च उचलणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या धोरणात तो बदल बसत होता; त्यात बेकायदेशीर काही नव्हते. पण आठ वर्षांचे वचन एका पत्रकाने विरून गेले. डेबियन ही कोणत्याही एका कंपनीची मालमत्ता नाही. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी ती सुरू केली, १९९७ मध्ये तिने आपला सामाजिक करार लिहून काढला, आणि तिचा प्रमुख सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. लोकशाहीचे दोषही तिच्यात आहेत. सिस्टमडी स्वीकारण्याचा २०१४ मधील निर्णय कडाक्याच्या भांडणानंतर झाला व त्यातून देवुआन ही फुटीर शाखा निघाली. तथापि मोठ्याने भांडणारी संस्था ही मुकाट्याने बंद होणाऱ्या संस्थेहून अधिक भरवशाची असते, असे आमचे मत आहे.

७

पाचवा निकष, आणि आमच्या विभागाच्या दृष्टीने पहिला, भाषेचा. युनिकोडने देवनागरीचे संकेत ठरविल्यापासून लेखन खासगी संकेतात अडकण्याची आपत्ती टळली आहे. अक्षरांची जुळणी करणारे हार्फबझ हे साधन, लोहितसारखे मुक्त टंक आणि इनस्क्रिप्ट कळफलक मेजपृष्ठ चालणाऱ्या ह्या सर्व प्रणालींवर मिळू शकतात. त्यामुळे पडद्यावर मराठी दिसणे हा आता निवडीचा निकष राहिलेला नाही. ह्यांपैकी एकाही कर्नलच्या स्वतःच्या अक्षरपटलावर मात्र जोडाक्षरे नीट जुळत नाहीत; ही उणीव सर्वांना समान आहे.

भेद दिसतो तो वर्णक्रमात. मराठी कोशात ‘ळ’ हा ‘ह’ च्या नंतर येतो. युनिकोडच्या संकेतांकात मात्र तो ‘ल’ आणि ‘व’ ह्यांच्या मध्ये बसविलेला आहे. शब्दांची यादी केवळ संकेतांकांनुसार लावली, तर ‘काळ’ हा शब्द ‘काव’ आणि ‘कास’ ह्यांच्या आधी येईल, आणि कोशकाराची सारी सूची चुकेल. ओपनबीएसडीच्या मूळ प्रणालीत भाषापरत्वे क्रम लावण्याची सोय जाणूनबुजून ठेवलेली नाही; तेथे क्रम संकेतांकांचाच. ज्या ग्नू सी लायब्ररीवर डेबियन उभी आहे, तिच्यात मराठीसाठी स्वतंत्र नियमावली आहे. तीही डोळे झाकून स्वीकारू नये. दहा शब्दांची यादी लावून पाहावी आणि मगच पाच हजार शब्दांना हात घालावा.

दुसरी गोष्ट ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ह्या जुन्या जोडीची. दुसऱ्या शब्दातील पापणीसारखा ‘र’ दोन रीतींनी साठविता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर रूप एकच. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द, आणि एकाचा शोध घेतला असता दुसरा सापडेलच असे नाही. हा दोष कोणत्याही एका प्रणालीचा नाही. पण संहिता खुली असल्यामुळे आपला कळफलक नेमके काय उमटवितो हे अभ्यासकाला पाहता येते, आणि नको असेल तर बदलता येते. मुक्ततेचा मराठी अभ्यासकाला होणारा हा सर्वांत प्रत्यक्ष लाभ होय. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभारलेली आहे, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

८

येथवरच्या विवेचनाचा इत्यर्थ असा. जो विद्यार्थी आपल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर प्रबंध लिहिणार आहे, त्याने डेबियनची स्थिर आवृत्ती घ्यावी. नव्या यंत्रामुळे किंवा सोबत्यांच्या मदतीच्या दृष्टीने सोयीची वाटल्यास उबुंटूची दीर्घमुदती आवृत्ती घेण्यास हरकत नाही, मात्र वचन कंपनीचे आहे हे विसरू नये. विभागाचा सामायिक संग्रह ज्यावर राहील त्या सर्व्हरसाठी फ्रीबीएसडीचा गांभीर्याने विचार व्हावा. २००८ पासून तिच्यात असलेली झेडएफएस ही साठवण-पद्धती प्रत्येक खंडाची पडताळणी ठेवते, आणि हस्तलिखितांच्या छायाप्रती कुजू नयेत म्हणून तिचे मोल फार आहे. ज्याला कार्यप्रणाली हाच अभ्यासविषय करावयाचा आहे, त्याने दुसऱ्या एखाद्या यंत्रावर ओपनबीएसडी घालून तिची माहितीपत्रके आरंभापासून वाचावीत. इतके नेमके तांत्रिक गद्य आमच्या वाचनात क्वचितच आले आहे. अडगळीतल्या विलक्षण यंत्रासाठी नेटबीएसडी आहेच.

स्थापनेपूर्वी डेबियनची चालती प्रत यूएसबी कांडीवरून सुरू करून पाहावी. जोडणी मिळते का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, सभागृहातील प्रक्षेपकावर चित्र पडते का, आणि ‘आचाऱ्यास’ हा शब्द नीट उमटतो का, एवढे चार प्रश्न तासाभरात सुटतात. त्या तासाचे मोल शंभर मतांहून अधिक आहे.

ह्या निर्णयावर एक आक्षेप येईल तो आम्हांस मान्य आहे. तो असा की, सर्वांनी डेबियनच घेतली तर बीएसडीचे जे वेगळेपण तिसऱ्या भागात वाखाणले ते जगणार कसे? ओपनएसएसएच ओपनबीएसडीतून आले आणि आज लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर आहे. परंपरा एकच उरली असती तर हे देणे मिळाले नसते. ह्या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. पण प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर एका परंपरेच्या रक्षणाचा भार टाकणेही न्याय्य नाही. तो भार विभागांनी, ग्रंथालयांनी आणि ज्यांना वेतन मिळते अशा आम्हां मंडळींनी उचलावयाचा आहे. विद्यार्थ्याने एवढेच करावे की, आपले लेखन युनिकोडमध्ये, खुल्या फाइल-प्रकारात ठेवावे, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि ज्या प्रणालीवर ते लिहिले ती उद्या नाहीशी झाली तरी ते वाचता येईल अशी तजवीज करावी. सव्वाशे पृष्ठे गमावलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.